वासाच्या बशा

कलम लागलं की नाही, ते शेंड्याची मान सांगते. सकाळी तंबूचा पडदा उचलावा आणि शेंडा ताठ दिसला की समजावं, खुंटानं त्याला आपलं म्हटलं. चार-दोन रोपांनी मान टाकली तर त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण त्या हंगामात मी पडदा उचलला तर ट्रेच्या ट्रे माना खाली घालून बसलेले. पानं मात्र हिरवीगार. जोडाला बोट लावलं तर बुळबुळीत लागलं, आणि क्लिप काढायला गेले तर क्लिपबरोबर शेंडाच हातात आला.

आमचं घर कलमांवर चालतं. रानटी वांग्याची मुळं चिवट, म्हणून त्याचं रोप खुंट म्हणून घ्यायचं. त्याचं डोकं ब्लेडनं तिरकं उडवायचं, टोमॅटोचा शेंडा तसाच तिरका कापून त्यावर बसवायचा आणि वरून बोटाच्या पेराएवढी क्लिप लावायची. मग जखम भरेपर्यंत रोपांना तंबूत कोंडायचं. तंबू म्हणजे बांबूच्या कमानींवर ओढलेलं काळं प्लास्टिक. आत अंधार, ओल आणि बंद हवा. असे दोन तंबू आहेत, एक रस्त्याकडचा आणि एक विहिरीकडचा. बाबा पाणी आणि फवारे बघतात, आई रोपांची उठबस करते, कलमं मी करते. माझं लग्न गावातच झालं, पण दिवस उजाडला की मी इकडेच. कलमावर माझा हात असा बसलाय की तोंडानं भांडण चालू असतानाही ब्लेडचा कोन चुकत नाही. यात फुशारकी काही नाही. मला तेवढं एकच नीट येतं.

ही बुळबुळ पहिल्यांदा आली तेव्हा आम्ही नशिबाला बोल लावला. दुसऱ्यांदा आली तेव्हा आमची रोपं नेणारा बागवाला स्वतः बघायला आला. तंबूत वाकून शिरला, एक जोड चिमटीत धरला, बोटाला लागलेला चिकटा नाकाशी नेला आणि बोट आमच्याच पडद्याला पुसलं. कलमं मी केलेली, पण तो बोलला बाबांशी. पुढची खेप बघतो म्हणाला, तीही अशीच निघाली तर मला दुसरं दार बघावं लागेल. मी हातात ब्लेड घेऊन तिथेच उभी होते, आणि जाताना त्यानं मला ट्रे बाजूला घ्यायला सांगितलं, त्याच्या गाडीच्या वाटेत येत होता म्हणून.

त्या संध्याकाळी बाबांनी पाय धुता धुता निकाल सांगून टाकला. ही खेप शेवटची. गेली तर तंबू उतरवायचे आणि कलमांची शेड फळांच्या शीतगृहवाल्याला भाड्यानं द्यायची. थोरलीनं त्याच्याकडेच पॅकिंगच्या कामाला लागावं, तिथे बायका घेतायत. थोरली म्हणजे मी. बादली इकडची तिकडे ठेवायला सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. पॅकिंगचं काम मी पाहिलेलं आहे. सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं, लाल फळ इकडे टाकायचं, हिरवं तिकडे. माझ्या हातात काय आहे ते तिथे कुणी विचारणार नव्हतं. मी घाबरले, चांगलीच घाबरले, आणि धाकटीला फोन लावला.

धाकटी माझ्याहून वर्षानं लहान. शहरात जंतूंवर शिकते, म्हणजे इतकी वर्षं शिकतेय की बाबा तिला प्रोफेसरीणच म्हणतात. ती आली ती खोके सांभाळत, नव्या नवरीसारखी पाऊल जपत. चहा न घेताच तंबूत गेली, मान टाकलेलं एक रोप उपटलं, देठ माझ्याच ब्लेडनं कापला आणि काचेच्या पेल्यात पाण्याला जेमतेम टेकवून धरला. आम्ही तिघं भोवती उभे होतो. जरा वेळ काहीच झालं नाही. बाबा घसा खाकरणार इतक्यात देठातून एक पांढरा धागा सुटला आणि सरळ रेषेत पेल्याच्या तळाकडे उतरू लागला. दुधाच्या धारेसारखा, पण फार बारीक.

"हे जंतू आहेत," धाकटी म्हणाली. "सगळे एकमेकांना धरून बसलेत. देठातल्या नळ्यांत यांनी घर बांधलंय, म्हणून पाणी वर चढत नाही."

बाबांनी पेला उचलून उजेडात धरला. नेहमी दर गोष्टीवर काहीतरी टोला हाणणारा माणूस, तो पेला फिरवून फिरवून धाग्याकडे बघत राहिला.

मी विचारलं, ब्लेड तर आम्ही दर ट्रेला औषधात बुडवतो, मग हे आले कुठून. तिनं औषधाचं वाडगं मागवलं, ते उपडं केलं आणि आतल्या कडेवरून नख ओढलं. नखावर पातळसा, पारदर्शक थर आला. पाण्याच्या टाकीत हात घातला की आत लागतो ना, तसाच. औषध या थरावरून वाहून जातं, ती म्हणाली, आणि आतले मजेत पांघरूण घेऊन पडलेले असतात. एकेकटा जंतू मारायला सोपा, पण एकदा त्यांनी मिळून पांघरूण विणलं की तो थर कुणाला बधत नाही. ज्या वाडग्यावर माझा एवढा भरवसा होता, त्यातूनच मी ट्रेमागून ट्रेला आजार वाटत होते. मी नकळत बोटं पुसली. आई मात्र तेच वाडगं घासायला घेऊन गेली, जणू तिच्या घासण्यालाच कुणी नाव ठेवलं होतं.

मग धाकटीनं खोक्यातली एक काचेची बशी काढली. झाकण होतं, आणि आत मधोमध भिंत, जशी दोन भावांच्या वाटणीत घालतात. एका बाजूला आमच्या आजाराच्याच जातीचे जंतू, फोनवर ऐकून तिनं प्रयोगशाळेतून आणलेले, दुसऱ्या बाजूला दुसरेच, चांगल्या रोपांच्या मुळाशी मातीत राहणारे. एकमेकांना शिवत नाहीत, भिंत ओलांडत नाहीत. मधे असते फक्त हवा. तरीही आजाराच्या बाजूला थर धरलाच नव्हता. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या बशीत, जिच्यात पलीकडे कुणीच नव्हतं, तिथे तो साय धरल्यासारखा जमला होता.

"न शिवता?" मी विचारलं.

"वासानं. मातीतले हे वास सोडतात. तो लागला की त्यांना एकत्र बसता येत नाही."

"मरतात?"

"सगळे नाही. पांगतात. मग औषध लागू पडतं, रोपाचीही ताकद पुरते. पण ताई, हे बशीत झालंय. तंबूत होईल का ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

तिचं हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात आवडलं. मी झाकण जरासं उचलून हुंगलं. आधी शिळ्या कोबीसारखा वास आला, मग मागून लोण्यासारखा. बाबांनी हुंगलं आणि म्हणाले, या वासानं जंतूच काय, सोयरेसुद्धा पांगतील. पण मी पुन्हा हुंगलं. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा नुसता वास लागून कुणाची घरं मोडतात, हे मला पटतही नव्हतं आणि त्यातून मन निघतही नव्हतं. त्या दिवशी कलमं करताना माझं लक्ष सारखं त्या खोक्याकडे जात होतं.

ठरलं ते असं. नव्या खेपेची रोपं दोन्ही तंबूंत सारखी ठेवायची. रस्त्याकडच्या तंबूत फळ्यांवर नुसत्या मातीतल्या जंतूंच्या, म्हणजे वासाच्या बशा मांडायच्या, वरून विरळ कापड बांधून. विहिरीकडच्यात नुसत्या रिकाम्या बशा. बाकी पाणी, औषध, ब्लेड सगळं सारखंच. धाकटीनं आईला दोनदा समजावलं की दोन्हीकडे वास दिला तर काहीच कळणार नाही. आईनं मान हलवली. आईची मान हलली म्हणजे तिला पटलं, असं आमच्या घरात कुणी समजत नाही, पण धाकटी बरीच वर्षं बाहेर राहिलेली, ती विसरली असावी.

आमची आई वाटणीला पक्की. आम्ही लहान असताना ती गोळीसुद्धा दातानं तोडून दोघींना द्यायची, आणि तुकडा थोडा मोठा निघाला तर जास्तीचा स्वतः खायची. तंबूंचंही तसंच. एका तंबूत पडदा उचलून रोपांशी दोन शब्द बोलली की दुसऱ्या तंबूतही बोलणार.

मी कलमं केली. पाठ मोडेपर्यंत केली, बोटांच्या पेरांना ब्लेडच्या बारीक चिरा पडल्या आणि वांग्याच्या रसानं काळ्या झाल्या. प्रत्येक ट्रेला नवं ब्लेड, घासलेलं वाडगं. तंबू भरले. मग वाट बघणं. सकाळी पडदा उचलून आत वाकून बघितलं की माना ताठ. रस्त्याकडच्या ताठ. विहिरीकडच्याही ताठ. एखाद-दुसरा जोड बुळबुळला, तेवढं चालायचंच. मी खूश होते. धाकटी मात्र दिवसेंदिवस आंबट चेहऱ्यानं फिरू लागली. विहिरीकडचा तंबू आजारी का पडत नाही, याची काळजी करणारी जगात ती एकटीच असेल.

एक दिवस ऊन कलल्यावर आम्ही जेवायला बसलो होतो. बाबा नुकतेच विहिरीकडच्या तंबूतला तुंबलेला फवारा साफ करून आले होते. म्हणाले, प्रोफेसरीणबाई, तुमच्या वासानं आता तिकडेही मुक्काम ठोकलाय, नाक धरून काम करावं लागलं. धाकटीचा घास हातातच राहिला. वास विहिरीकडच्या तंबूत यायचं काही कारण नव्हतं, मधे अख्खं अंगण. तिनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आई खाली मान घालून जेवत होती, अगदी सावकाश.

"आई," धाकटी म्हणाली, "तू बशा हलवल्यास?"

"चोरून नाही काही," आई म्हणाली. "दिवसा उजेडी हलवल्या. सकाळी इकडे, दुपारनंतर तिकडे. एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला बघत बसवायचं, ते मला नाही जमत."

धाकटी उठून बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले. ती अंगणात उभी राहून रडत नव्हती, हसतही नव्हती, दोन्हीच्या मधे कुठेतरी अडकली होती. म्हणाली, आता ही रोपं बशांमुळे वाचली, की घासलेल्या वाडग्यामुळे, की आजारच या खेपेला सुट्टीवर होता, हे देवालाही सांगता येणार नाही. मी म्हटलं, वाचली ना. ती म्हणाली, ताई, पुढच्या वेळी आजार आला तर तू काय करशील?

बाबांकडे याचं उत्तर तयार होतं. खेप चांगली गेली, बागवाला रोपं घेऊन गेला, जाताना पुढच्या खेपेचं बोललासुद्धा. बाबांच्या लेखी विषय संपला होता. आजार आला तसा गेला, त्या नासक्या बशा आता शहरात परत पाठवा. बाबांचं समाधान बघून मला बरं वाटायला हवं होतं. पण माझं पॅकिंगचं काम टळलं नव्हतं, फक्त एक खेप पुढे गेलं होतं. कशानं वाचलो हे ठाऊक नसलेल्या माणसाला पुढच्या वेळी वाचता येत नाही. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मोठं दुसरंच काही होतं. ती भिंत घातलेली बशी बघितल्यापासून मला ते जाणून घ्यायचंच होतं.

मी बाबांना सांगितलं की पुढची खेप पुन्हा तशीच लावायची, आणि या वेळी खरी. एका तंबूला वास नाही म्हणजे नाही.

"जाणूनबुजून अर्धा माल मारायचा?" बाबा म्हणाले.

"मेला तर."

"आणि मेला तर बागवाल्याला काय सांगायचं?"

"सांगायचं की अर्धा आणलाय, आणि का ते मला माहीत आहे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून कलमं केली, पण मी त्यांना असं काही सांगितल्याचं त्यांना आठवत नसावं. मग म्हणाले, तंबू तुझे, हात तुझा, मरण पण तुझंच. आमच्या बाबांच्या भाषेत हा होकार असतो.

कुठल्या तंबूत बशा ठेवायच्या ते आपण ठरवायचं नाही, असं धाकटी म्हणाली. आपला जीव एका तंबूवर जास्त असतो, आपण नकळत चांगली रोपं तिकडे लावतो. नाणं उडवायचं. बाबांनी खिशातून नाणं काढलं. छापा आला तर रस्त्याकडच्याला वास, काटा आला तर विहिरीकडच्याला. आई म्हणाली मला स्वयंपाकघरात काम आहे, पण गेली नाही, दाराच्या चौकटीला धरून अंगणाकडे पाठ करून उभी राहिली. नाणं अंगणात पडलं. छापा. विहिरीकडच्या तंबूला काही नाही.

आईकडून वचन घेतलं. तिनं ते पाळलं, पण कसं पाळलं ते मी बघत होते. सकाळी विहिरीकडच्या तंबूच्या तोंडाशी पाट टाकून बसायची, आत जायची नाही. रोपांशी बोलायची नाही. भाजी निवडायची, आणि निवडता निवडता पडद्याकडे बघायची. रस्त्याकडच्या तंबूतही तिनं जाणं टाकलं, कारण एकीकडे गेलं तर दुसरीकडे जावं लागेल.

या वेळी आजार सुट्टीवर नव्हता. विहिरीकडच्या तंबूत आधी कोपऱ्यातल्या ट्रेनं मान टाकली. मग त्याच्या शेजारच्यानं. मग रांगच लागली. रस्त्याकडच्यात पडद्याजवळची, जिथून हवा गळते तिथली काही रोपं गेली, बाकीची उभी होती, पानावर पाण्याचे थेंब घेऊन. मी एका तंबूतून दुसऱ्यात जायची आणि परत यायची. दोन्हीकडे माझाच हात, तेच ब्लेड, तोच कोन. एकीकडे जोड कोरडा, घट्ट, नख लावलं तरी न हलणारा. दुसरीकडे बोट ठेवलं की घसरायचं. मला वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी काळजात काहीतरी उड्या मारत होतं. दोन्ही खरं होतं, एक लपवून दुसरं सांगण्यात अर्थ नाही.

धाकटीनं दोन्हीकडच्या जोडांचे पातळ काप काढून तिच्या लहानशा सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि मला बोलावलं. एक डोळा मिटायला शिकण्यातच माझा वेळ गेला. मग दिसलं. विहिरीकडच्या कापात नुसती गर्दी, बाजाराच्या दिवसासारखी, अंगाला अंग लावून, मधे बोट शिरणार नाही अशी. रस्त्याकडच्यात तेच जंतू, पण इथे एक, तिथे एक, अधूनमधून हलणारे, जागा सापडत नसल्यासारखे. न शिवता. नुसत्या वासानं. मी बाजूला झालेच नाही. धाकटीनं खांद्याला हात लावला तर मी तो झटकला, म्हणाले थांब जरा. मग बाबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं की या बशा पुन्हा भरायला मातीच लागते का, आणि ती आपल्या बांधावरची चालेल का. धाकटी म्हणाली, बघायला लागेल. बाबा म्हणाले, मग बघा.

म्हणजे तंबू उतरणार नव्हते. बाबा तसं म्हणाले नाहीत, पण शीतगृहवाल्याला नकार कळवायला ते त्याच दुपारी सायकल काढून गेले, आणि मी रस्त्याकडचा तंबू पुन्हा एकदा नुसताच बघून आले.

विहिरीकडची मेलेली रोपं खड्ड्यात टाकून जाळायची होती. ट्रे बाहेर काढायला मी आणि आई होतो. धाकटी आत बसून तिचं लिहीत होती. आई एकेक रोप काढायची, आणि टाकण्याआधी त्याची खाली गेलेली मान बोटानं वर करून बघायची. मी म्हटलं, आई, हे झालं म्हणूनच पुढची सगळी जगणार आहेत. मला खरंच तसं वाटत होतं. तिनं मान हलवली.

"कळलं मला ते," ती म्हणाली. "तुझ्या बहिणीनं नीट समजावलंय. एकाला उपाशी ठेवावं लागतं." मग दुसरा ट्रे ओढून घेतला. "पण यांच्यासाठी तुम्ही नाणं तरी उडवलंत."

मी हातातलं काम थांबवलं.

"तुम्हा दोघींची शाळा एका वर्षाच्या अंतरानं संपत होती," आई खाली बघत म्हणाली. "एकीलाच पुढे धाडता येणार होतं. तुझा हात कलमावर बसला होता, म्हणून तू राहिलीस. मी आणि तुझे बाबा एका वाक्यात बोललो ते, भांडी आवरता आवरता. तुला विचारलं नाही. नाणंसुद्धा उडवलं नाही."

इतकी वर्षं मला वाटत होतं की घरात कुणाच्या हे लक्षातही नाही. मी म्हटलं, बरंच झालं ना, नाणं माझ्या बाजूनं पडलं असतं तर ही कलमं कुणी केली असती. मी हे हसत म्हणाले. ती हसली नाही. मलाही ते पुरतं खरं वाटलं नव्हतं, आणि तिला ते कळलं.

"सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होतीस," ती म्हणाली, "उठायलाच तयार नव्हतीस. मी दारातून बघत होते."

मी तिच्या मांडीवरचा ट्रे घेतला आणि उरलेली रोपं उपटायला लागले. थोड्या वेळानं आतून धाकटीनं विचारलं की एकूण किती गेली. मी म्हटलं, बाहेर ये आणि स्वतः मोज, आणि येताना ते यंत्र घेऊन ये. मला आणखी बघायचंय.